नांदेडहून लातूर, व्हाया दुबई

परदेश लांब असतो, हा समज ज्याने पसरवला तो नांदेड-लातूर एसटीत कधी बसला नसावा. मुंबई ते दुबई सुमारे १९०० किलोमीटर. विमान तीन-सव्वातीन तासांत पोचवतं. नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर. एसटीलाही तीन-साडेतीन तासच लागतात. शिवाय दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. सकाळी दहाला मुंबई सोडणारा तिथल्या साडेअकराच्या सुमाराला उतरतो, म्हणजे निम्मा प्रवास फुकटात. ही सवलत लोह्यात नाही की अहमदपुरात नाही. तिथे गाडी स्टँडात शिरली की कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत मारून कंट्रोलरच्या खिडकीकडे नोंदीला जातो, ड्रायव्हर चहाला जातो, आणि ‘पाच मिनिटं थांबंल’ या वाक्यातली पाच मिनिटं कुठल्याच देशाच्या घड्याळात बसत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं ते धरा की! धरू. पण त्याआधी नांदेडकराला मुंबईही गाठावी लागते, आणि त्यात देवगिरी एक्स्प्रेसमधली अख्खी रात्र जाते. म्हणजे दुबईच्या वाटेवर त्याचा खरा वेळ खातो तो महाराष्ट्रच. अरबी समुद्राचा यात फारसा दोष नाही. दुसरा आक्षेप रेल्वेवाल्यांचा: एसटीच कशाला? तर नांदेडहून रुळांवरून लातूर गाठायचं म्हणजे पूर्णा, परभणी, परळी असा द्राविडी प्राणायाम करत लातूर रोडला यायचं. एवढं करून लातूर रोड दक्षिण मध्य रेल्वेत आणि लातूर मध्य रेल्वेत. व्हिसा तेवढा लागत नाही.

हे दुखणं आजचं नाही. मनमाड-हैदराबाद मार्गाने नांदेडला रेल्वे आली ती मीटरगेज. लातूरला १९११ मध्ये आली ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी नॅरोगेज. दोन्ही गावं निजामाचीच, पण एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चढणं अशक्य. उलट बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथे कलदार रुपया, इथे हाली सिक्का, मध्ये करोडगिरीचा नाका. तरी लातूरचा माणूस त्याच छोट्या गाडीत बसून थेट बार्शीला उतरायचा. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत तर बार्शी स्वतंत्र भारतात आणि लातूर त्याच्या बाहेर, म्हणजे शब्दशः परदेश. आणि तो परदेश स्वदेशातल्या नांदेडपेक्षा सोयीचा! तेव्हा अंतर सरहद्दीने वाढतं, हे म्हणणं निदान मराठवाड्यात टिकत नाही. ते वाढतं गाडी बदलण्याने.

आता महामार्ग झाला, स्वतःची मोटार असली तर तास वाचतो, हे कबूल. पण वाचलेला तास वापरायचा कशाला? १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ नांदेडला झालं, म्हणून लातूरचा विद्यार्थी कागद घेऊन नांदेडला येतो. नांदेडचा विद्यार्थी ‘लातूर पॅटर्न’साठी लातूरला जातो. दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही आणि ते कबूल करायची कोणाची तयारी नाही. २००९ मध्ये नवं विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून जी जुंपली ती पाहता दोन्ही शहरांनी एकमेकांकडे वकिलाती उघडायला हरकत नव्हती. समेटाची बैठक मध्यावर अहमदपुरात घेता आली असती, पण अहमदपूर पडलं लातूर जिल्ह्यात. नांदेडकरांच्या लेखी तेही परदेशातच.