चौदा आणे टूल

रत्नागिरीचा बागायतदार दोन विषयांवर बारा महिने बोलू शकतो : यंदा आंबा कमी का, आणि शेजाऱ्याचा जास्त कसा. मी त्यात तिसऱ्याची भर घातली. कामाच्या याद्या ठेवायला अ‍ॅप कोणते घ्यावे?

२०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा वाटले, वाशीला पेट्या पाठवून दलालाच्या पट्टीची वाट बघण्यापेक्षा पुण्याच्या गिऱ्हाइकाला थेट विकावे. वाटले ते करायला पुढे काही वर्षे गेली. आमच्याकडे घाई फक्त एसटी पकडताना करतात.

दिवाळीला पुण्याचा आयटीतला भाचा आला. म्हणाला, "मामा, धंदा लहान आहे तेव्हाच टूल ठरव." मग त्याने ट्रेलो, नोशन, आसना अशी नावे घेतली. शेवटचे ऐकून सौ.ला उगीच आशा वाटली, की मी योगासने सुरू करतोय.

मोहोर फुटला तेव्हा मी पहिले अ‍ॅप शिकत होतो. तुडतुडे पडले तेव्हा दुसऱ्यात 'तुडतुडे' या कामाला रंग कोणता द्यावा, यावर मामा-भाच्यांचे फोनवर एकमत होत नव्हते. ते अ‍ॅप पाच माणसांपर्यंत फुकट. सहावा आमचा नेपाळी राखणदार. त्याच्यासाठी डॉलर मोजायचे होते. तिसऱ्यात सगळे होते, पण घरात रेंज नव्हती. रेंज सड्यावर. 'फवारणी झाली' या चौकोनात बरोबरची खूण करायला मी रोज अर्धा तास चढत असे. 'सडा चढणे' हे काम मात्र कुठल्याच यादीत नव्हते.

एवढ्या व्यवस्थेतून मी एकाच गृहस्थांना दोनदा पेटी पाठवली. ते पुण्याचे. दुसरीचे पैसे देण्याचा विषय न काढता त्यांनी कळवले, की हिच्यातली फळे पहिलीपेक्षा लहान आहेत.

भाचा मे महिन्यात आला तेव्हा आई माळ्यावर आढी लावत होती. तो तिला समजावू लागला, "आजी, तीन रकाने असतात. करायचे, चालू आणि झाले. मूळ कल्पना जपानची. टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी बसवलेली. कानबान म्हणजे पाटी. पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने नवा माल करायचाच नाही."

आई पेंढा सारखा करत म्हणाली, "म्हणजे आढीच की रे! भिंतीकडे हिरवे, मधे रंग धरलेले, दाराशी तयार. दाराशी जागा झाल्याशिवाय नवे उतरवायचे नाहीत."

मग माझ्याकडे वळून, "आणि सोळा आणे पिकेपर्यंत झाडावर ठेवलास तर खाली पडून फुटेल. चौदा आण्यांवर उतरवायचा, दोन आणे पेंढ्यात होतात. तुझं ते टूल किती आणे झालंय?"

मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. भिंतीवर कालनिर्णय. १९७३ पासून छापले जाणारे हे टूल सौ. वापरत होती आणि मला पत्ता नव्हता. तारखेच्या चौकोनात दूध दीड लिटर, खाली सिलिंडर, त्याखाली 'पुणे ४ पेट्या, दोन पाठवल्या'. चहाला येणारा प्रत्येक गडी तिथेच उभा राहून आजचे काम बघून जात होता. सहाव्या माणसाचे पैसे पडत नव्हते.

त्या दिवसापासून सकाळी त्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. गिऱ्हाइके चाळीसच्या वर गेली आणि चौकोन पुरेना, तेव्हा पैशांपुरती एक साधी गूगल शीट केली. नाव, पेट्या, जमा, बाकी. चार रकाने. पाचवा भाच्याने सुचवला होता, रंगाचा. तो आम्ही आंब्यासाठी राखून ठेवला.

तुम्हीही नवे काही सुरू करत असाल तर एवढेच सांगतो : घरातली माणसे आधीच जिथे बघतात तिथे यादी लावा, टूल चौदा आण्यांवर उतरवा, आणि बदलायचेच असेल तर पावसाळ्यात बदला. मोहोर आल्यावर फक्त फवारणी करायची.