दोष रक्तात नसतो

गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच देशांच्या कुंडल्या मांडल्या जातात. जपानी शिस्तीचे, जर्मन काटेकोर, अमेरिकी ऐसपैस आणि बेफिकीर, आणि आपण ‘चालतंय की’वाले. मला हे बोलणं ऐकवत नाही. गाडीतल्या खोटीचं खापर कामगाराच्या राष्ट्रीयत्वावर फोडलं की कारखाना चालवणारे अलगद सुटतात.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण घ्या. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला, तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत बिघडलेल्या कामगारांचा कारखाना अशी त्याची ख्याती होती. पाचातला एक जण गैरहजर, कामावर दारू, मध्येच संप. गाडीच्या दारात मुद्दाम सुटे बोल्ट टाकून ठेवायचे, म्हणजे घेणाऱ्याला खडखडाट कुठून येतो ते कधीच सापडू नये. पण या सगळ्याच्या वर एक नियम होता: काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. इंजिन चुकीचं बसलेलं दिसलं तरी गाडी पुढे सरकायची आणि शेवटी आवारात दुरुस्तीची वाट पाहत उभी राहायची.

१९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. युनियन तीच, आणि घेतलेले बहुतेक कामगारही तेच. त्यांच्यातल्या शेकडो जणांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं गेलं. परतल्यावर त्यांच्या डोक्यावर एक दोरी आली. चूक दिसली की कोणीही ती ओढायची. ओढली की टीम लीडर धावत यायचा, तो रागवायला नाही तर मदतीला. दोष तिथल्या तिथे निघाला नाही तर लाइन थांबायची. पुढे एमआयटीच्या संशोधकांनी जोडणीतले दोष मोजले. जनरल मोटर्सच्या फ्रॅमिंगहॅम कारखान्यात शंभर गाड्यांमागे १३०, ताकाओकात ४५ आणि नुम्मीतही ४५. कामगार अमेरिकी, आकडा जपानी! गैरहजेरीही दोन-तीन टक्क्यांवर आली.

मग जनरल मोटर्सने हे सगळीकडे का नेलं नाही? प्रयत्न केला. व्हॅन नाइसच्या कारखान्यात दोऱ्या लावल्या, टीम पाडल्या. पण तिथल्या सुपरवायझरला लाइन किती चालली याचाच हिशेब द्यावा लागे, त्यामुळे दोरीला हात लावणारा त्याला डोळ्यांसमोर नको असे. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

शिवाय ज्याला आपण जपानी गुण म्हणतो, त्यातलं बरंच जपान शिकलेलं आहे. १९५० साली तिथल्या इंजिनिअरांना आणि कंपन्यांच्या प्रमुखांना संख्याशास्त्राने दर्जा कसा राखायचा हे समजावणारे एडवर्ड्स डेमिंग अमेरिकी होते. त्यांच्या नावाचं पारितोषिक जपान १९५१ पासून देतो, आणि २००३ मध्ये ते महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं. कांदिवली आणि नागपूरला ट्रॅक्टर बांधणाऱ्या हातांना ‘आपल्या लोकांकडून होत नाही’ हे वाक्य ऐकवून दाखवा.

आता उलटी बाजू, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. डायहात्सू ही टोयोटाच्याच मालकीची जपानी कंपनी. डिसेंबर २०२३ मध्ये चौकशी समितीने सांगितलं की तिच्या ६४ मॉडेलांच्या चाचण्यांमध्ये गैरप्रकार झाले होते आणि त्यातला सर्वांत जुना १९८९चा होता. आरोपी शोधायला समिती कुठल्या देशाच्या संस्कृतीत शिरली नाही. तिने बोट ठेवलं ते गाडी तयार करण्यासाठी दिलेल्या अशक्यप्राय कमी मुदतीवर. चाचणीत नापास होणं परवडणार नव्हतं आणि ‘जमत नाही’ हे वर सांगायची सोय उरली नव्हती. कारखान्यात लाइन थांबवायची दोरी होती. वेळापत्रक थांबवायची दोरी मात्र चाचणी घेणाऱ्या इंजिनिअरला कोणी दिली नव्हती.