गावोगावच्या गतिरोधकास अनावृत पत्र

महाराष्ट्रातील रस्त्यांवर रातोरात प्रकट होणारे, फलकाविना आणि रंगाच्या पट्ट्यांविना आडवे पसरणारे गतिरोधक महाशय यांस समस्त मणक्यांतर्फे साष्टांग नमस्कार. मात्र त्यासाठी वाकावे लागते तेवढे वाकणे आता पुष्कळांना जमत नसल्याने तो उभ्यानेच केलेला स्वीकारावा.

आपले मूळ पाहता आपण कुलीन आहात. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे देशातील रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था, हिने 1988 मध्ये वर्णिलेला गतिरोधक हा 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा उथळ छेद असून त्याची रुंदी 3.7 मीटर आणि मध्यावरची उंची 10 सेंटीमीटर असते, जेणेकरून ताशी 25 किलोमीटर वेगातील वाहन त्यावरून विनातक्रार जावे; शिवाय 40 मीटर अलीकडे सूचनाफलक असावा, असेही त्यात सांगितले आहे. आपण मात्र उरलेल्या डांबराचा ढीग म्हणून जन्म घेता, रुंदीत हातभर आणि उंचीत वीतभर भरता, आणि वाहनचालकास आपले अस्तित्व थेट कमरेतूनच कळावे, अशी व्यवस्था ठेवता.

आपल्या कार्याची महती शरीरशास्त्रातही दिसते. दोन मणक्यांमधील चकती, म्हणजे तंतुमय कड्यात कोंडलेला पाणीदार गर, हादरे शोषण्यासाठीच असते. परंतु बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांनी सर्वांत जास्त हलते, आणि उभ्या माणसाचे गुडघे जो धक्का बराचसा गिळतात, तो बसलेल्याच्या बैठकीतून सरळ कण्यात चढतो. दुचाकीवरचा चालक आपणास पाहून पायांवर भार घेऊन किंचित उठतो. मागे आडव्या बसलेल्या बाईला ती सोय नसते. बसच्या मागच्या चाकांपलीकडील शेवटच्या बाकावर तर प्रवासी आसनावरून उडतो आणि खाली येताना वर येणाऱ्या आसनावर आदळतो.

नुकतीच एक वृद्धा अशीच आदळली, आणि प्रस्तुत पत्र त्या निमित्ताने आहे. अस्थिठिसूळता, म्हणजे हाडांची घनता घटून ती सच्छिद्र होण्याची अवस्था, वयस्कर स्त्रियांत विशेष आढळते, आणि अशा हाडांतील छाती व कंबर यांच्या संधीवरचा मणका एका आदळण्यानेही समोरून चेपला जाऊ शकतो. घरी मात्र तिला उसण भरल्याचे ठरले, पाठ चोळली गेली, पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय लावून झाला, आणि क्ष-किरण चित्र निघेपर्यंत आठवडा उलटला. ही उसण नव्हती. हा मोडलेला मणका होता, आणि तो वयाने मोडला नाही, दैवाने मोडला नाही. ज्यांनी डांबर ओतताना उंची मोजली नाही, त्यांनी तो मोडला. या निर्लज्जपणास निष्काळजी म्हणणे हीदेखील सवलतच होय.

कण्यांनी स्वतःपुरते शहाणपण शिकून घेतले आहे: बसमध्ये पुढच्या व मागच्या चाकांच्या मधले आसन धरावे, साधी कंबर धरली तर अंथरूण धरू नये, सोसेल तितके हिंडतेफिरते राहावे, कारण असे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते, आणि पायातील बळ गेले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर चोळत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

तरीही सारा दोष आपला नाही, हे मान्य करणे भाग आहे. शाळेसमोर मूल गाडीखाली सापडते, गाव रस्त्यावर बसते, आणि पदपथ, पोलीस, सुरक्षित ओलांडणी यांपैकी काहीही देता न येणारी यंत्रणा संध्याकाळपर्यंत आपणास देऊन मोकळी होते. आपणाकडे बोट दाखवून पोर वाचल्याचे सांगणारी आई कोणत्याही मानकाहून मोठी आहे, आणि आपण हटावे असे कोणताही मणका म्हणत नाही.

मागणी एवढीच की, आपण 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच आणि दुरून दिसणारे व्हावे. त्यासाठी लागणारा टेप प्रत्येक गवंड्याच्या खिशात असतो. रस्ते बांधणाऱ्यांकडे तो नसल्यास तसे कळवावे, रुग्ण वर्गणी काढून पाठवतील.