180 दिवसांची कृपा

सॉफ्टवेअर तपासून बघणाऱ्यांसाठीची टेकनेट ही वार्षिक वर्गणी मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये बंद केली, आणि कळवलं ते आनंदाची बातमी असल्यासारखं. तोवर वर्षाचे पैसे भरले की सगळं उतरवून घ्यायचं, दुकानातल्या जुन्या मशीनवर चढवायचं, मोडायचं, पुन्हा चढवायचं आणि खात्री पटली की मगच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, असं चालायचं. मुदतीची कटकट नव्हती. आता पैसे नकोत म्हणे. सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट, फक्त 180 दिवस.

हा आकडा ज्याने काढला तो नगर जिल्ह्यात एक रात्रही मुक्कामाला राहिलेला नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो. (कागदोपत्री आता अहिल्यानगर.) आमच्याकडे आडसाली ऊस तोडणीला यायलाच सोळा ते अठरा महिने लागतात, बिलाची वाट पाहणं त्याच्या पुढचं. बांधाच्या भांडणात तर 180 दिवस मोजणीवाला कधी येणार हे विचारण्यातच जातात.

समजा, सावेडीतल्या एखाद्या हार्डवेअरवाल्याने तालुक्याच्या पतसंस्थेत गणपतीच्या मुहूर्तावर असा सर्व्हर बसवला. पहिले दहा दिवस निम्मा स्टाफ मंडपात. मग पितृपंधरवडा, त्यात नव्या कामाला कोण हात लावतो? मग नवरात्र, पाठोपाठ दिवाळी. फराळ संपतो तोवर गाळप सुरू. चेअरमनसाहेब कारखान्यावर, व्हाइस चेअरमन चेअरमनसाहेबांच्या मागे. मग लग्नसराई, त्यात संचालकांना सत्काराचे फेटे बांधून घ्यायला वेळ पुरत नाही. जिल्ह्यात तालुके 14, त्यामुळे आचारसंहिताही कुठे ना कुठे असतेच. ‘नवीन सर्व्हर कसा वाटतो’ हा विषय मासिक सभेत दर वेळी शेवटचा असतो आणि चहा आला की पुढच्या सभेवर जातो. मध्येच वारं सुटतं, तार तुटते, दोन दोन दिवस वीज नसते. सर्व्हर बंद, स्क्रीन काळी, पण मुदतीचे दिवस मात्र इमानेइतबारे सरकत असतात. आता सप्टेंबरच्या मध्यापासून 180 दिवस बोटांवर मोजून बघा. कुठे येऊन पोचलात? मार्चच्या मध्यावर. ऐन मार्च एंडच्या तोंडावर!

बरं, मुदत संपल्यावर हा सर्व्हर एकदाचा मरतही नाही. दर तासाला आपला आपण बंद पडतो. कॅशियर दिवसाची बेरीज लावतोय, पिग्मी एजंट चिल्लर मोजून उभा आहे, ऑडिटर चष्मा पुसून ताळेबंद मागतोय, आणि गप्प. पुन्हा चालू करा, तासाभराने पुन्हा गप्प. वीज गेली तर माणूस निदान दारात येऊन शेजाऱ्याची गेलीय का ते बघतो. इथे दोष कुणाला द्यायचा? हार्डवेअरवाल्याला. त्याचं बिल अडकतं, आणि संचालक मंडळ एकमताने ठराव करतं की माणूस बोगस आहे.

आणि हे सगळं कशासाठी? तर लोक म्हणतात, वर्गणीचा गैरवापर होत होता! काही लोक तपासणीसाठीच्या लायसन्स-किल्ल्या विकत होते. असतील विकत. त्यांचं काय वाकडं झालं? चोरीचं सॉफ्टवेअर चढवून देणारा क्रॅकवाला कालही पेनड्राइव्ह खिशात घालून फिरत होता, आजही फिरतोय. त्याला 180 दिवस नाहीत, फॉर्म नाही, दर तासाला डुलकी नाही. दोनशे रुपयांत फॉरमॅट मारून सगळं टाकून देतो, वर अँटिव्हायरस फुकट. त्याला कंपनी हात लावू शकत नाही, कारण त्याचं नाव-गाव तिच्याकडे नाही. तिच्याकडे नाव-गाव आहे ते फक्त पैसे भरणाऱ्याचं. म्हणून शिक्षाही त्यालाच. चोर सापडत नाही म्हणून पावती फाडणाऱ्याला बाकावर उभं करायची ही पद्धत आम्हाला सरकारी कचेरीत पाठ झाली होती. ती डॉलरमध्येही चालते, हे तेव्हा कळलं. चीड याची येते की वर आमची सोय केल्यासारखं दाखवतात. कुणाची सोय? आम्ही कधी म्हणालो होतो, फुकट द्या?

आमचं मागणं साधं आहे. पैसे घ्या, पाहिजे तर दहा टक्के वाढवून घ्या, आणि वर्गणी पुन्हा सुरू करा. ते जमत नसेल तर त्या 180 मधून पितृपंधरवडा, आचारसंहिता आणि वीज नसलेले दिवस तरी वजा करा.