अंगठा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मी एकच काम करतो : अंगठा देतो. टँकरचे दर वाढले, अंगठा. लिफ्ट पुन्हा बंद, अंगठा. पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते, त्यातही मी आहे. बिल्डर कोण, हे सही केल्यावर चार दिवसांनी जिन्यात कळलं.

मालवणला स्कूबा करायचा बेत निघाला तेव्हा मला सर्दी होती, बीपीची गोळी चालू होती आणि पोहता येत नव्हतं. पण बोटीचा खर्च सहा जणांत वाटलेला. मी गळलो तर पाच जणांचा हिस्सा वाढणार, आणि ते वर्षभर ऐकवणार. किनाऱ्यावर फॉर्म आला. रक्तदाब? नाही. सर्दी? आलेली शिंक गिळली आणि 'नाही'वर खूण केली. उमेदवार प्रतिज्ञापत्र इतक्याच निर्मळ मनाने भरत असावेत.

बोटीत राजकारण निघालंच. समोर १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग लाटा खात उभा, आणि आमच्या गल्लीतला रस्ता पहिल्या वळवालाच वाहून जातो, असं सोसायटीचे खजिनदार म्हणाले. मी म्हटलं, तक्रार तरी कुणाकडे करायची? मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची जवळजवळ चार वर्षं तो प्रश्नच मिटला. विषय रंगला. त्याच वेळी बोटीच्या टोकाला प्रशिक्षक पाण्याखालच्या खुणा शिकवत होता. माझ्या कानावर एवढंच आलं : "श्वास रोखूचो नाय. जमना नाय तर लाज धरूची नाय."

पाण्यात दोन मीटरवरच कान बोलू लागले. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो म्हणतात. माझ्या कानांनी तिथवर वाट पाहिली नाही. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की कान मोकळे होतात, पण सर्दीने तुंबलेली वाट उघडेना. वरच्या मजल्यावर कुणी फरशी तोडायला काढावी, तसं डोक्यात सुरू झालं. तेवढ्यात प्रशिक्षकाने बोटांचं वर्तुळ करून विचारलं, ठीक?

इतक्या सुंदर माशांसमोर रडगाणं कुठे गायचं? सवयीने मी अंगठा दाखवला.

त्याने ताबडतोब मला वर न्यायला सुरुवात केली. अहो, छान चाललंय, हे समजावायला मी आणखी जोरात अंगठा नाचवला. त्याची पकड घट्ट झाली. मग दोन्ही अंगठे! एव्हाना त्याच्या लेखी हा माणूस शेवटच्या घटका मोजत होता.

"काका, बरा केलात, येळार सांगितलात," बोटीला धरून तो म्हणाला. अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या', हे मला तेव्हा कळलं. शिवाय नियम असा, की कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो आणि त्याला जाब विचारायचा नाही. मी प्रशिक्षकाला हे दोनदा बोलायला लावलं. बावन्न वर्षांत ही सवलत मला ना घरी मिळाली, ना ऑफिसात. मतदान यंत्रावर २०१३ पासून नोटाचं बटण आहे खरं, पण ते दाबलं म्हणून कुणी काखोटीला धरून वर काढत नाही.

बोटीवर माझं कौतुक झालं. "शरीराचं ऐकणारा माणूस," असं खजिनदार म्हणाले. मी नम्रपणे कान चोळत बसलो. खरं काय ते फक्त कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सांगितलं, तेही त्यांनी दोनदा दरडावल्यावर.

त्या रात्री लॉजवर ग्रुपचा मेसेज आला : नवा पंप, प्रत्येकी साडेसात हजार, कुणाची हरकत?

मी अंगठा पाठवला, पाण्यातल्या अर्थाने.

मिनिटभरात खजिनदारांचं उत्तर : "आभारी आहे. पहिली संमती आली."