ब्लोअर : डिझेलचा, पेट्रोलचा, बॅटरीचा आणि शेजाऱ्याचा

वाळलेली पाने फुंकून अंगणाबाहेर काढणारे यंत्र अमेरिकेत घरोघरी दिसते. त्याच्या पेट्रोल इंजिनाला तिथले लोक इतके विटले, की वॉशिंग्टन शहराने १ जानेवारी २०२२ पासून ते वापरायलाच बंदी घातली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून अशा छोट्या पेट्रोल इंजिनांची नवी विक्री बंद करायला घेतली. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मात्र हा वाद पानांवरून होणे शक्य नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या बाजूला, पालापाचोळा गोळा करून राब भाजतात आणि त्यावर भाताचे बी टाकतात. खालच्या भागातले ऊसवाले पाचट सरीतच कुजवतात. पाने फुंकून घालवायची म्हणजे घरचे खत बांधापलीकडच्या भावकीला नेऊन द्यायचे, आणि बांधापलीकडे फुकट काही देण्याची पद्धत दोन्ही तालुक्यांत नाही.

इथला ब्लोअर पानांना औषध मारतो. नारायणगावच्या आसपासच्या द्राक्षबागांत तो छोट्या ट्रॅक्टरच्या मागे असतो: औषधाची टाकी, तिच्यामागे पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा मोठा पंखा आणि पंख्याभोवती नोझलांचे कडे. पंख्याची हवा थेंब बारीक फोडते आणि पाने उलटीसुलटी करते. हे उलटेसुलटे होणे फार महत्त्वाचे, कारण डाऊनी रोगाची बुरशी पानाच्या खालच्या बाजूने शिरते. ऑक्टोबर छाटणीनंतर, पोंगा (कोंब फुटणे) ते फुलोरा या काळात अवेळी पाऊस झाला, की बागाईतदाराची झोप उडते. लगोलग ब्लोअर सुरू झाला, की शेजाऱ्याची.

टोमॅटो, कांदा, भाजीपाला यांना ट्रॅक्टर परवडत नाही. तिथे पाठीवरचा पंप चालतो आणि पेट्रोल की बॅटरी हा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथेच पडतो. पेट्रोलच्या पंपाला बहुधा टू-स्ट्रोक इंजिन असते. पेट्रोलमध्ये ठरावीक मापाने ऑइल मिसळायचे, चोक लावायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. इंजिन खोकते आणि गप्प होते. दुसरा हिसका, तिसरा हिसका. मग प्लग काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि जमलेल्यांना सांगायचे, “काल तर चालू होता.” हे वाक्य म्हणजे यंत्राच्या कार्यपद्धतीचाच एक टप्पा होय. त्यानंतर घरातले दुसरे कोणीतरी येऊन एका हिसक्यात पंप चालू करते. तो धाकटा भाऊ असेल, तर पुढचा आठवडाभर जेवताना तोच विषय पुरतो.

बॅटरीच्या पंपाला दोरी नसते, त्यामुळे अपमानाची सोयही नसते. बटण दाबले की बारीक घूं असा आवाज येतो आणि औषध बाहेर पडते. त्याची उणीव अंकगणितात आहे. बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाच्या बॅटरीत विजेचे जेमतेम ०.१ युनिट मावते. लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांच्या वर ऊर्जा असते. छोटे इंजिन त्यातली बहुतेक उष्णतेत आणि कलकलाटात उधळते हे खरे, पण उरते तेही बॅटरीला भारी पडते. शिवाय बॅटरी रात्री चार्जिंगला लावावी लागते, आणि ती कोणी लावायची होती हे सकाळी ठरते.

आवाजापुरते बोलायचे, तर कायदा स्पष्ट आहे आणि निरुपयोगी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा; दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. औद्योगिक, व्यापारी, निवासी आणि शांतता क्षेत्र असे चार वर्ग त्यात आहेत. शेती नाही. मळ्यातल्या वस्तीवर अंगणापासून दहा पावलांवर बाग सुरू होते. ओसरी निवासी आणि बाग औद्योगिक धरली, तर मर्यादेची सीमा तुळशीवृंदावनाजवळून जाईल. डेसिबलची मोजणीही साधी नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दसपट होते, कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट वाटतो. पेट्रोल इंजिनाचा खर्ज भिंतीतून आरपार जातो आणि लांबवर पोचतो. बॅटरीचा चिरका स्वर वाटेतच विरतो. म्हणून यंत्राशेजारी दोहोंत थोडाच फरक जाणवला, तरी चार वावरे पलीकडे तो मोठा होतो.

तक्रार करणाऱ्यांत गावचे लोक क्वचित सापडतात. पहाटे कान झाकून उठतो तो शनिवार-रविवारी शांततेसाठी फार्महाऊसवर आलेला पाहुणा, आणि “हे इलेक्ट्रिक नाही का मिळत?” हा प्रश्नही तोच विचारतो. ज्या नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात आणि यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात, त्या मुलखात आवाज हा गुन्हा मानण्याची वृत्ती रुजलेली नाही. उलट पंपाचा आवाज हे गावचे वर्तमानपत्र असते. कोणाचे इंजिन किती वाजता सुरू झाले, यावरून कोणाच्या बागेत रोग शिरला हे अर्ध्या शिवाराला कळते. मग बांधावर संवाद होतो.

“नाना, आज काय मारलं?”

“काय नाय रं, नुसतं टॉनिक.”

टॉनिक हे उत्तर भुरीपासून डाऊनीपर्यंत सर्व प्रसंगी चालते. विचारणारा त्यावर विश्वास ठेवत नाही. बांधालगत टाकलेला रिकामा पुडा पायाने उलटा करून नाव वाचतो आणि दुपारपर्यंत तेच औषध आणतो. बॅटरीच्या पंपाने ही सगळी व्यवस्था मोडीत काढली. आता माणूस कोणाला न कळता फवारणी उरकतो. शेजारधर्माच्या दृष्टीने ही सुधारणा आहे की लबाडी, यावर एकमत नाही.

विहिरीवर हाच बदल आधी होऊन गेला होता. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली आणि तिच्या डिझेल इंजिनांचा ठोका महाराष्ट्रभर विहिरी-विहिरींवर ऐकू येऊ लागला. मग विजेच्या मोटारी आल्या. पाण्यात बुडालेली मोटार मुकी असते, आणि शेतीची थ्री फेज वीज पाळीने रात्रीही येत आली आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात आणि इथल्या उसात बिबटे राहतात; माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्रच आहे. रात्री पाण्याची दारे धरायला जाताना सोबत कोणीतरी असावे, हातात काठी-बॅटरी असावी, मोठ्याने बोलावे किंवा मोबाईलवर गाणी लावावीत, असे वनखाते सांगते. म्हणजे इंजिनाचा जो आवाज मोटारीने वाचवला, तो शेतकऱ्याने स्वतःच्या गळ्यातून भरून काढायचा. दिवसा वीज द्या ही या भागातली जुनी मागणी त्यामुळे बिलमाफीच्या मागणीपेक्षा जास्त कळवळ्याची आहे.

या शिवारातला खरा तक्रारखोर शेजारी मात्र वेगळाच. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. दूरच्या दीर्घिकांतल्या हायड्रोजनची कुजबुज ती ऐकते. तिला ब्लोअरच्या गोंगाटाचे काही नाही. तिला ठिणगी खपत नाही, कारण ठिणगीतून रेडिओलहरी निघतात. त्या हिशेबाने सगळा निवाडा फिरतो. पेट्रोल इंजिनाचा प्लग क्षणोक्षणी ठिणगी टाकतो, म्हणून ते दोषी. ब्रशवाल्या बॅटरी मोटारीतही बारीक ठिणग्या उडतात, म्हणून तीही निर्दोष नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, नुसत्या दाबाने इंधन पेटते. अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीजवळ याच कारणाने डिझेलचीच वाहने चालवतात. अख्खे शिवार जागे करणारा ट्रॅक्टर ब्लोअर दुर्बिणीच्या कानी तेवढा पडत नाही, आणि पहाटे कोणाला न कळता औषध मारणारा बॅटरीवाला निदान तत्त्वतः तिच्या नजरेतून सुटत नाही.

अलीकडे ड्रोनने फवारणी होऊ लागली आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजनाही मंजूर केली. ड्रोन संपूर्ण विजेवर चालतो आणि तरी दोन वावरांपलीकडे ऐकू येतो, कारण आवाज इंजिनाचा नसून पात्यांचा असतो. शिवाय तो उडाला की शाळेतली पोरे आणि पारावरची म्हातारी माणसे एकाच वेळी बांधावर हजर होतात, त्यांचा गलका वेगळा. उसाला आणि उघड्या पिकांना तो उपयोगी पडतो. द्राक्षाच्या मांडवावरून जाताना मात्र औषध वरच्या पानांवर अडते आणि डाऊनी जिथून शिरते त्या खालच्या बाजूला नीट पोचत नाही. त्यामुळे बागेत अजून ट्रॅक्टरच फिरतो, डिझेलवर, पहाटे.