एक हजारांश इंच जाड

अमेरिकेत स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या माणसाला दोन गोष्टी सतत ऐकाव्या लागतात. एक म्हणजे, हे धोक्याचं आहे. दुसरी म्हणजे, यात पैसे वाचतात. पहिली गोष्ट बायको सांगते, दुसरी गोळ्या विकणारे. पुस्तकात छापलेल्या मापानेच दारू भरली आणि भरताना टीव्ही बंद ठेवला, तर धोका आटोक्यात राहतो. पैसे मात्र राहिलेले नाहीत, आणि त्याला कारण लेप दिलेली शिशाची गोळी.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलातून गोळी सुटली की पितळेची पुंगळी मागे उरते. ती साफ करायची, दाबून मूळ मापाला आणायची, तिच्यात नवा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी बसवायची. यात सहसा सगळ्यात महाग असते ती गोळी. तांब्याचं जॅकेट घातलेली घेतली तर नगाला दहा-बारा सेंट, लेपाची घेतली तर सात-आठ. ओहायोतल्या तळघरात बसून चार सेंट वाचवण्याचा मोह मराठी माणसाला आवरत नाही, हे विक्रेत्यांना कोणी कळवलं कोण जाणे.

नुसत्या शिशाची गोळी याहूनही स्वस्त पडते. पण ती नळीला जरा सैल झाली की मागचा तापलेला वायू कडेने निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीतल्या खाचांना चोपडून ठेवतो. मग तांब्याच्या तारेची घासणी ब्रशला गुंडाळून ते खरवडत बसायचं. ते टाळायला गोळीला ग्रीस लावतात, आणि ग्रीसचा धूर इतका होतो की निशाण्याचा कागद तिथेच आहे असं समजून पुढची गोळी मारावी लागते. काडतूस आणि चरबी यांचं नाव एकत्र निघालं की आपल्या शाळेत शिकलेल्या कोणालाही १८५७ आठवतं. हल्लीच्या ग्रीसमध्ये बहुतेक मधमाशांचं मेण असतं, त्यामुळे बंडालाही वाव राहिलेला नाही.

यावर तोडगा म्हणून शिशावर पॉलिमरचा लेप चढवून तो भट्टीत सुमारे दोनशे अंशांना भाजतात. ग्रीस नको, धूर कमी, नळी स्वच्छ. शिवाय रंग: तांबडा, हिरवा, निळा, काळा, जांभळा. रंगाने नेम सुधारत नाही, पण निवडायला मात्र आठवडा जातो.

गोळ्या मागवल्या की त्या टपाल खात्याच्या ‘फ्लॅट रेट’ खोक्यातून येतात. या खोक्याला सत्तर पौंडांपर्यंत वजन कितीही असलं तरी दर तोच, आणि विक्रेते या सवलतीचा पुरेपूर आदर करतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजायचं, सात हजार ग्रेनचा एक पौंड. १२४ ग्रेनच्या हजार गोळ्या म्हणजे आठ किलो. खोकं दिसायला एखाद्या पुस्तकाएवढं. ते उचलायला वाकलेला पोस्टमन सरळ होताना माझ्या घराकडे ज्या नजरेने बघतो, तिला उत्तर माझ्याकडे नाही. (जाता जाता: इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा ठरवला. पॉइंट फोर्टी पिस्तुलाची नेहमीची गोळीही १८० ग्रेनचीच. म्हणजे तोळाभर शिसं. सोन्याचा भाव ऐकल्यापासून हा हिशेब मी घरात बोलून दाखवत नाही.)

इथपर्यंत सगळं सोसण्यासारखं आहे. खरी कटकट एका हजारांश इंचाची. जॅकेटची गोळी ०.३५५ इंच व्यासाची, लेपाची ०.३५६. फरक मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाचा. ती मुद्दाम जाड करतात, नळीत गच्च बसावी म्हणून. पण नळीपर्यंत पोचण्याआधी तिला माझ्या तळघरातून जायचं असतं, आणि तिथलं एकही अवजार या जाडीला राजी नाही.

पुंगळीचं तोंड गोळी बसवण्याआधी किंचित फाकवावं लागतं. जॅकेटच्या गोळीला जेवढं फाकवत होतो तेवढंच ठेवलं, तर पितळेची कड लेप सोलून काढते आणि पुंगळीभोवती निळ्या किसाचं कडं तयार होतं. लेप सोलला की उघडं शिसं परत नळीला चिकटणार, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच केराच्या डब्यात. जास्त फाकवलं तर पुंगळी पुढच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, शिरत नाही, आणि पितळ लवकर चिरतं. यावर उपाय म्हणून थोडा जाड फाकवणी-दट्ट्या वेगळा विकत मिळतो. तो चार सेंटांना मिळत नाही.

मग कळतं की या गोळीचा खांदाही वेगळा आहे. जॅकेटच्या गोळीसाठी ठरवलेली लांबी ठेवली तर काडतूस काही पिस्तुलांत पुरतं बसत नाही, खांदा आधीच खाचांना टेकतो. त्यामुळे नळी सुटी काढून तीत काडतूस टाकायचं आणि ‘प्लंक’ असा आवाज येतो का ते ऐकायचं. मध्यमवयीन माणूस रात्री अकरा वाजता एका नळीला कान लावून बसलेला पाहून घरच्यांनी काय समजायचं ते समजावं. आवाज ‘प्लंक’ न येता ‘टक्’ असा आला, तर गोळी आणखी आत बसवायची. आत बसवली की मागची जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणून दारूचा हिशेब परत पुस्तकातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरू.

या सगळ्यावर रामबाण म्हणून एक डाय मिळते. शेवटच्या पायरीला ती सगळं काडतूस कडक कड्यातून दाबून काढते, म्हणजे कुठेही अडायला नको. अडत नाहीच. फक्त त्या दाबात आतली मऊ गोळीही आवळली जाते आणि ०.३५६ ची परत ०.३५५ किंवा त्याहून बारीक होते. आता ती नळीत सैल, वायू कडेने मोकळा, खाचांत शिसं. एवढा सगळा खटाटोप करून आपण नुसत्या शिशाच्या गोळीपाशी परत येतो, फक्त तीवर निळा रंग असतो.

शिसं हाताळायचं म्हणजे सोवळंही आलं. त्या कपड्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मुलांना शिवायचं नाही, काम चालू असताना चहा नाही, आणि उठल्यावर हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे. माझ्या आजीला हे नियम पाठ होते, कारण तेवढं वेगळं. मुंबईच्या विमानात बसायच्या आधी तर बॅगेचा कप्पान् कप्पा उलटा करतो. भारतात सामानात एक जिवंत काडतूस निघालं तरी शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा दाखल होतो, आणि ते बॅगेत राहून गेलं हे न्यायालयाला पटवण्यात सुट्टी संपते.

नेमबाजीच्या रेंजवर सल्ल्याला तोटा नाही. एरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात. तिथे नेम मारून आलेले निवृत्त आजोबा प्रत्येक रेंजवर एक तरी असतातच. त्यांच्या मते ग्रीसच्या गोळीत काही वाईट नव्हतं, धुरामुळे डासही येत नसत. दुसरा विचारतो, तुझ्या नळीतल्या खाचा कोनाच्या की गोलसर? गोलसर असतील तर काही कंपन्या शिसं वापरू नका असं पुस्तिकेत छापतात. मग लेप दिलेलं शिसं हे शिसं धरायचं की नाही, यावर त्या बाकावर जी चर्चा होते ती ऐकून अद्वैत सोपं वाटू लागतं.

हिवाळ्यात मात्र छपराखालच्या रेंजवर जाण्यावाचून गत्यंतर नसतं. तिथे काउंटरवरचा मुलगा प्रत्येक डबीवर लोहचुंबक फिरवतो. पोलाद आहे का ते बघायला हे योग्यच; पण शिसं चुंबकाला चिकटत नाही, तांबंही नाही. माझ्या डबीला चुंबक चिकटलं नाही म्हणून त्याने मान डोलावली, आणि मग त्याला निळा रंग दिसला. भिंतीवर पाटी होती: उघडं शिसं चालणार नाही, फक्त जॅकेट. मी सांगितलं की लेप गोळीला सगळीकडून असतो, बुडालासुद्धा. साध्या जॅकेटच्या गोळीचं बूड मात्र बहुधा उघडं असतं. आतलं शिसं दिसतं, आणि तापलेला वायू नेमका तिथेच लागतो. त्याने त्यांच्याच दुकानातली एक गोळी उलटी करून पाहिली. बूड करडं होतं. त्याने ती सरळ करून ठेवली आणि पाटीकडे बोट दाखवलं.

मी त्यांच्याच काडतुसांची एक पेटी घेतली. निदान पुंगळ्या तरी घरी नेता येतील, असा विचार होता. पाटीवरची पुढची ओळ अशी होती की जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या रेंजच्या मालकीच्या. पिस्तूल पुंगळी जमिनीवरच टाकतं.